सिर्गाला सांगायचं राहिलं होतं

अनारकान एजे खुर्चीत बसलेली मी क्वचितच पाहिली. तिच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर पोरं बसायची. ती स्वतः उभी, नाहीतर व्हरांड्यात चालत. सुलुक्त्याची कोळशाची खाण आम्हाला पोसेना तेव्हा मी गावी, अक-ओरुकला परतलो आणि शाळेच्या बॉयलरवर लागलो. बावीस हिवाळे कोळसा टाकला. अनारकान शाळेची परिचारिका. तिची खोली माझ्या भट्टीच्या भिंतीला लागून, शाळेतली सगळ्यात उबदार. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण सगळी शाळा तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणायची. मीही तेच म्हणू लागलो.

कामाच्या बाबतीत मी कुणाला सहज चांगलं म्हणत नाही. भट्टी पेटवणारे पुष्कळ असतात, राख वेळेवर काढणारा एखादाच. ही राख काढणाऱ्यांतली होती.

पहिल्या घंटेच्या आधी ती दारात उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराची नखं बघायची. साडेतीनशे पोरं, सातशे हात. जुन्या राजवटीत तसा नियमच होता. नखांत घाण दिसली की घरी परत. राजवट गेली, नियम गेला, एजे दारातून हलली नाही. एकदा मी विचारलं,

“आता कोण विचारतंय गं नखांना?”

“तोक्तोसुन आके,” ती म्हणाली. मी वयाने मोठा म्हणून आके, थोरला भाऊ. “पूर्वी मी नखांत घाण शोधायचे. आता नखंच शोधते.”

तेवढ्यात सातवीतला एक पोरगा आला. तिने त्याचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. दहा बोटं, कुरतडून कुरतडून टोकांना रक्त साकळलेलं. पोरगा हसला आणि हात खिशात घालून वर्गात गेला.

ती सत्त्याऐंशी साली कामाला लागली. तेव्हा तिच्याकडे यायचे ते जर्दाळूच्या झाडावरून पडून मोडलेले हात. उवा. कच्चे जर्दाळू खाऊन लागलेले जुलाब. मारामारीत फुटलेलं नाक घेऊन दोघं एकदम यायचे आणि तिच्या खोलीतच पुन्हा जुंपायचे. नंतर बाप रशियाला जाऊ लागले, मग आयाही. बाप बांधकामावर, आई कुठल्यातरी भटारखान्यात, पोरं एनेकडे, म्हणजे आजीकडे. आमच्यात पहिलं मूल आजी-आजोबांनीच वाढवायची जुनी रीत आहे, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पहिलं गेलं तसं दुसरंही गेलं, तिसरंही.

मैदान गप्प होत चाललंय हे मला कळलं नव्हतं. बॉयलरचा आवाज मोठा. एक दिवस एजे आत आली आणि म्हणाली, “दार उघडा. मधली सुट्टी आहे. ऐका.”

“काय ऐकू?”

“तेच म्हणतेय. काय ऐकू येतंय?”

पोरं भिंतीला टेकून उन्हात उभी होती. कोणी पडत नव्हतं, कोणी कोणाला मारत नव्हतं. शिक्षकांना आवडायचं ते.

आता पोरं दुखरी पोटं घेऊन यायची. एजे दाबून बघायची, पोट मऊ, ताप नाही, जीभ स्वच्छ. तरी दुखतंय. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला झोप नाही. जिल्ह्याला पाठवायच्या तक्त्यात उवांसाठी रकाना होता, जंतांसाठी होता, गलगंडासाठी होता. यासाठी नव्हता. मग ती सगळ्यांना पोटदुखीत घालायची. आकडा इतका वाढला की जिल्ह्याहून दोन माणसं पाणी तपासायला आली. नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, टाकीत औषध ओतलं. महिनाभर चहाला पोहण्याच्या तलावाचा वास.

“झालं का बरं पोरांचं पोट?” मी विचारलं.

“पाणी मात्र बरं झालं,” ती म्हणाली.

सिर्गाची गोष्ट सांगायची तर दोन हजार बारापासून सांगावी लागते.

सिर्गा उल्जान एनेची नात. आई-बाप दोघं रशियात, येकातेरिनबुर्गला. ती आठ वर्षांची असताना, जानेवारीत, तिची आई मायराम तिकडे रस्त्यावर गाडीखाली गेली. बाप तिची शवपेटी घेऊन विमानाने ओशला आला, तिथून आमच्याकडे. गावाने काय केलं? जे आम्ही नेहमी करतो ते. आमच्यात मृत्यूची बातमी अशी तोंडावर फेकत नाहीत. दूर असलेल्याला ती आधी कळू द्यायची नाही. मग योग्य वेळ बघून वडीलधारे जमून जातात, बाजूबाजूने बोलत येतात, नीट शब्दांत सांगतात, आणि मग ज्याचं माणूस गेलं तो मोकळा रडतो. त्याआधी कोणी तोंड उघडायचं नाही. हा मान वडीलधाऱ्यांचा. मोठ्या माणसासाठी ही रीत चांगली आहे, मी आजही म्हणेन. माझ्या भावाचं मला असंच सांगितलं होतं.

सिर्गाला आधीच बातकेनला मावशीकडे पाठवलं. इकडे अंगणात गेलेल्या माणसासाठी उभारतात तसा नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा गोल तंबू उभारला, तीन दिवस बायका आत विलाप करत होत्या. कबर मी आणि आणखी तिघांनी खोदली. जमीन गोठलेली, पहार उसळून हातात यायची. तिसऱ्या दिवशी तंबू उतरवला. सिर्गाच्या चुलत आजोबांनी, ताश्तेमिर अक्सकालांनी, म्हणजे गावातल्या मानाच्या म्हाताऱ्यांनी, सगळ्यांना बसवून सांगितलं, “पोर लहान आहे. जरा मोठी होऊ दे. मग आपण सांगू.”

जरा मोठी म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही.

बाप रशियाला परतला आणि दीड वर्षाने तिकडेच दुसरं घर केलं. तो खेळणी पाठवायचा, उल्जान एने सांगायची, आईने पाठवलं. आईचा फोन का येत नाही? ती जंगलात काम करते, तिथे तारा पोचत नाहीत. गुरुवारी मेलेल्यांसाठी तेलात पिठाचे तुकडे तळतात, वास त्यांना पोचावा म्हणून. उल्जान एने ते शेजारणीच्या चुलीवर तळायची, पोरीला संशय नको. गावात दीड हजार माणसं, पण एक तोंड फुटलं नाही. एवढी एकी आम्ही पाण्याच्या पाटासाठी कधी दाखवली नाही.

आणि सिर्गा? वर्गात पहिली. गाईची धार काढायची, अंगण झाडायची, उलट बोलायची नाही. अशा गुणी पोराला आमच्याकडे मोमून म्हणतात, याहून मोठी शाबासकी नाही. “किती मोमून पोर,” जो तो म्हणायचा. एजेला तो शब्द ऐकला की चैन पडेना.

“ती विचारत नाही,” ती माझ्या भट्टीपुढे येरझारा घालत म्हणायची. “पाच वर्षांत एकदा तरी विचारायला नको? आई कधी येणार? प्रत्येक पोर विचारतं. सोमवारी विचारतात, मंगळवारी विचारतात. ही विचारत नाही.”

“मग तू सांग.”

“मी कोण सांगणारी? नात्याची ना गोत्याची.”

“मग गप्प बस.”

“बसते,” असं म्हणून ती पुन्हा चालू लागायची.

मी तिला दोष देत नाही. मीही कोळसाच टाकत होतो.

सिर्गा तेरा वर्षांची झाली त्या नोव्हेंबरात कवायतीच्या तासाला ती कोसळली. शिक्षक घाबरला आणि मला हाक मारली, कारण उचलायचं काही असलं की मलाच हाक मारायचे. पन्नास किलोचं पोतं मी एका खांद्यावर नेतो, वजनाचा अंदाज माझ्या हाताला आहे. ही तीस किलोच्या थोडी वर. मी तिला एजेच्या खोलीत, भिंतीलगत निजवलं. एजेने तिची लोकरी टोपी काढली. कानामागे तळहाताएवढी जागा बोडकी होती. केस गळलेले नव्हते, एकेक करून उपटलेले होते.

मी बाहेर निघालो होतो. एजे म्हणाली, “आके, दार लावून घ्या, थंडी आत येते.” मी आतून लावलं आणि तिथेच उभा राहिलो.

एजेने तिला साखर घातलेला चहा पाजला. काही विचारलं नाही. नुसता हात धरून नखांवरून अंगठा फिरवत राहिली. मग पोर छताकडे बघत बोलू लागली. आवाज अगदी सपाट, धडा म्हणून दाखवावा तसा.

“मी मावशीकडून आले तेव्हा अंगणात गोल होता. सगळीकडे बर्फ आणि मध्ये गोल, त्यात बर्फ कमी. तंबू होता तिथे. आजोबा तर आधीच गेलेले. एने दारात उभी. बाबा तिच्यामागे उभे. मग कोण उरलं?”

एजेचा अंगठा थांबला.

“तू आठ वर्षांची होतीस,” ती म्हणाली.

“मोजता येत होतं मला.”

“मग विचारलं का नाहीस, सोन्या?”

“एने हसत होती. तिला हसायला किती जोर लागत होता. मी विचारलं असतं तर ती पडलीच असती.” मग ती म्हणाली, “गुरुवारी तिच्या रुमालाला तेलाचा वास येतो. ती माझ्यापासून लांब बसते. मग मीही लांब बसते.”

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. बोलायला नको होतं. मी म्हणालो, “म्हणजे तुला सगळं ठाऊकच आहे, पोरी. मग आता सांगायचं काय राहिलं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “मला कुणी सांगितलेलंच नाही, आता. सांगितल्याशिवाय रडायचं कसं?”

आता म्हणजे आमच्यात बाप, आजा, कुठलाही वडील माणूस. पाच वर्षांत कुणी मला असा प्रश्न केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एजे ताश्तेमिर अक्सकालांकडे निघाली. मला म्हणाली, “चला. बाईला दारातून बोलून परत पाठवतील. तुम्ही असलात की चहा तरी विचारतील.” वाटेत ती इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली.

म्हातारबुवा ओसरीवर अक्रोड फोडत होते. “या, डॉक्टरीणबाई. कुणाचं पोट दुखतंय आज?”

“दुखायला तुमचं हवं होतं,” एजे उभ्याउभ्याच म्हणाली.

“बसा तरी.”

“सिर्गाला सांगायला हवं.”

त्यांनी एक अक्रोड फोडला, तो किडका निघाला, फेकून दिला. “सांगू की. लग्नाच्या आधी सांगू. आता दहावी होऊ दे.”

“ती जेवत नाही. झोपत नाही. केस उपटते.”

“या वयात पोरी बारीक व्हायला बघतातच. फोनमध्ये बघून. आणि आता पाच वर्षांनी काय, कमरेला दुखवट्याचे पट्टे बांधून गल्लीतून ओरडत जायचं? लोक विचारतील, कोण मेलं? आम्ही सांगायचं, दोन हजार बारामधलं? कोंबड्या हसतील.”

“तिला ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?” म्हाताऱ्याचा हात वर आला. “कुणाची जीभ सुटली?”

“कुणाची नाही. अंगणातल्या गोलावरून.”

वर आलेला हात त्यांनी खाली घेतला. मग म्हणाले, “मी सांगितलं होतं त्यावर बर्फ टाकायला. पोर यायच्या आत सारखं करा म्हणून सांगितलं होतं मी.”

ते काम माझ्याकडे होतं. मी तसं सांगितलं. कबर खोदून तळहात फुटले होते, चार फावडी टाकली, ठीक दिसतंय म्हणालो आणि घरी जाऊन झोपलो. पन्नास वर्षांच्या कामात मी अर्धवट सोडलेलं काम तेवढं एक. बाकीचं मला आठवत नाही, हे आठवतं.

ताश्तेमिर माझ्याकडे वळले. “धड खोटंही करता आलं नाही आपल्याला,” ते म्हणाले. “करायचं तर मग पुरतं करू. चार माणसं, कमरेला पट्टा, हातात काठी, गल्लीच्या तोंडापासून. अर्धं काही नको. उल्जानला मी आज सांगतो. तिचं रडणं आधी उरकू दे.”

रविवारी भर दुपारी आम्ही निघालो. ताश्तेमिर पुढे, मागे आम्ही तिघं, आणि गल्लीच्या तोंडापासून रीतीप्रमाणे मोठ्याने आक्रोश करत. पहिला सूर माझा फाटकाच निघाला. कोळशाच्या धुळीने खराब झालेला घसा. लोक दारांत आले. एक तरुण हसला, त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ती आमच्यामागे चालू लागली. मग आणखी बायका. घरापर्यंत पोचलो तोवर तीसएक माणसं झाली होती.

सिर्गा आत भिंतीशी बसली होती. एजे तिच्याजवळ, तीही बसलेली. ताश्तेमिर समोर बसले. त्यांनी डोंगरापासून सुरुवात केली. उंच डोंगरही खचतो, भरलेलं तळंही आटतं, घोड्याच्या टापेला दगड लागतोच. मग म्हणाले, “घट्ट हो, बाळा. तुझी आई मायराम या जगात नाही. अल्लाने तिला नेलं. आम्ही तुला उशिरा सांगतोय. तो दोष आमचा.”

शेवटचं वाक्य रीतीत नाही. ते त्यांनी स्वतःचं घातलं.

बायकांनी विलाप सुरू केला. सिर्गा रडली नाही. हात वर करून तिने त्यांना थांबवलं. तेरा वर्षांच्या पोरीने हात वर केला आणि बायका थांबल्या.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने ताश्तेमिरांना विचारलं.

“त्याच दिवशी.”

“एने, तुला?”

“त्याच दिवशी,” उल्जान एने म्हणाली.

“तुम्हाला, आता?”

“मी कबर खोदली,” मी म्हणालो.

मग ती एजेकडे वळली. “रोज दारात माझे हात बघायच्या तुम्ही.”

“हो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

मला वाटलं, एजे काहीतरी मऊ बोलेल. सातशे हात सांभाळणारी बाई, तिला येतं तसं बोलायला. ती म्हणाली, “मी तिला धुतलं. शेवटची आंघोळ मी घातली. तुझ्या घरच्या बायकांचे हात चालेनात, म्हणून मला बोलावलं होतं.”

हे मलाही ठाऊक नव्हतं.

पोरीने तिच्या हातांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “केस कसे होते?”

“आखूड. मानेपर्यंत कापलेले. लालसर रंग लावला होता, मुळाशी काळे उगवलेले.”

“तिचे लांब होते.”

“जाताना लांब होते. तिकडे कापले असतील.”

“चेहरा?”

“चेहऱ्याला काही झालं नव्हतं. डाव्या हाताला पोळल्याची जुनी खूण होती, तव्याची असेल. नखं स्वच्छ होती.”

सिर्गाने तोंड उघडलं. मी सुलुक्त्याला एकदा दरड कोसळताना ऐकली आहे. आधी काहीच आवाज होत नाही, फक्त हवा पुढे येते. तसं. मग ती ओरडली. पाठ केलेला विलाप नव्हता तो, शब्दही नव्हते. एनेने तिला कवेत घ्यायला हात पुढे केले, तर तिने ते ढकलले, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तिच्याच मांडीत पडली.

इथे थांबलो तर लोक म्हणतील पोर बरी झाली. नाही झाली. आधी बिघडली. वर्षभर ती एनेवर ओरडायची. शाळेच्या दोन काचा फोडल्या, त्या मी बसवल्या. बापाचा फोन आला की घेऊन जमिनीवर आपटायची. वर्गात चौथा नंबर, मग अकरावा. ताश्तेमिरांना भर रस्त्यात नाव घेऊन खोटारडा म्हणाली आणि म्हातारा मान खाली घालून निघून गेला. गावाने एजेला धारेवर धरलं.

“किती मोमून पोर होती. हिने तिची वाट लावली.”

“आता कोण करणार लग्न तिच्याशी?”

एजे ऐकून घ्यायची आणि मला येऊन सांगायची, “आज तिने अर्धी भाकरी खाल्ली. शिव्या देत खाल्ली, पण खाल्ली.” दर महिन्याला ती सिर्गाला घेऊन ओशला मनाच्या डॉक्टरांकडे जायची. घाटातून सहा तास जायला, सहा तास यायला, आणि डॉक्टरांपुढे पाऊण तास. तीन वर्षं. मी एकदाही सुट्टी घेऊन सोबत गेलो नाही, ते मी माझ्याच नावावर लिहितो.

केस परत आले. झोप पूर्ण आली नाही. सोळाव्या वर्षी सगळं चांगलं चाललं असताना तिने महिनाभर अंथरूण सोडलं नाही. तेव्हा एजे पहिल्यांदा माझ्यापुढे रडली, उभ्याने. “पाच वर्षं, आके. एका हिवाळ्यात भरून निघतील असं वाटलं होतं मला.” मी म्हणालो, गोठलेली जमीन एका दिवसात उकरली जात नाही. ती म्हणाली, “मला तुमची खाण सांगू नका.”

पाच वर्षांपूर्वी एजे निवृत्त झाली, त्याच वर्षी मीही. आता मुलं दारातून सरळ आत जातात. नव्या परिचारिकेकडे तक्ता संगणकावर आहे.

सिर्गा एकवीस वर्षांची आहे. बिश्केकला शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापते आणि संध्याकाळी शिकते. या उन्हाळ्यात जर्दाळू काढायला आली होती. आठवडाभर मी तिचं काम बघितलं. शिडी नीट टेकवते, फांदी मोडत नाही, पाटी शेवटपर्यंत भरते. बोलणं अजूनही तिखट. ताश्तेमिरांच्या कबरीवर गेली आणि परत येताना म्हणाली, “म्हातारा निदान दोष आमचा म्हणाला. बाबा अजून म्हणाले नाहीत.”

निघायच्या दिवशी बस थांब्यावर एजेने तिचे हात हातात घेतले. सिर्गाने ते सोडवून घेतले.

“नखं बघू नका, एजे. मला विचारा.”

“बरं. झोपतेस?”

“पाच तास. जानेवारीत दोन. या जानेवारीत पुन्हा तसं झालं. उठवेना. तिसऱ्या दिवशी मी स्वतः डॉक्टरांना फोन केला.”

“कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही.”

बस आली. सिर्गाने पेटी स्वतः वर चढवली, मला हात लावू दिला नाही. बस गेल्यावरही एजे थांब्यावर फेऱ्या मारत होती, या खांबापासून त्या खांबापर्यंत. “तिसऱ्या दिवशी,” ती म्हणत होती. “ऐकलंत? तिसऱ्या दिवशी. मागच्या वेळी महिना लागला होता.”